सुईचा डाग

मला कोड झालेलं नव्हतं. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण आमच्या गावात लोक दुसरं वाक्य ऐकायला थांबत नाहीत. आणि झालं असतं तरी काय बिघडलं असतं, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. कोड म्हणजे काही चोरी नाही. पण माझ्या आशाची सोयरीक त्या एका शब्दावर येऊन अडकली होती, आणि तो शब्द खोटा होता. तो खोटा आहे हे ठाऊक असून कोण बोललं नाही, ते मी नाव न घेता सांगणार आहे. नाव घ्यावं एवढी त्या माणसाची लायकी नाही.

आमचं गाव मोताळ्याजवळ. पलीकडे खानदेश लागतो, म्हणून आमच्याकडेही लग्न म्हटलं की मांडे आलेच. मांड्याला पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत राहायचं. आपल्याच वजनानं तो पसरत जातो. परातीएवढा झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर झोकायचा. फाटला तर पुरण चुलीत आणि अब्रू गावभर. मला ते जमायचं. माझा मांडा उजेडात धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यायचा. लग्नघरची बाई हळदीकुंकू घेऊन स्वतः बोलवायला यायची, आणि मी खापरापाशी बसेपर्यंत कोणी चूल पेटवायची नाही. हा मान मला फार आवडायचा. खोटं कशाला बोलू?

खरी मेहनत मात्र कणकेची. ती आपटून आपटून रबरासारखी करावी लागते. त्या आपटण्यानंच माझं उजवं कोपर गेलं. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी कळ यायची. पाण्याचा तांब्या उचलला तरी डोळ्यांत पाणी. एरंडाचं पान बांधून झालं, विटेचा शेक घेऊन झाला, एका चोळणाऱ्यानं चोळून चोळून ते आणखी सुजवून ठेवलं. शेवटी दिवाळीनंतर आमच्या यांनी, म्हणजे वामनरावांनी, मला बाजाराच्या दिवशी मोताळ्याला नेलं. तिथे एक डॉक्टर येऊन बसायचे. मोठ्या शहरात शिकलेले, पांढरा बुशकोट, बोलणं एकदम गोड.

डॉक्टरांनी अंगठ्यानं बरोबर दुखऱ्या जागी दाबलं. मी ओरडले तसे ते खूश झाले.

"स्नायूची दोरी हाडाला चिकटते ना, तिथं सूज आहे," ते म्हणाले. "आता यावर नवीन इंजेक्शन आलंय. कॉर्टिझोन. चमत्कार बघा नुसता."

"याच्यानं दुसरा काई तरास त नाई ना व्हत, डॉक्टरसाहेब?" मी विचारलं.

"तुम्हाला आत्ता होतोय त्याहून जास्त नाही," ते म्हणाले आणि हसले. त्यांचा कंपाउंडर पण हसला. आमचे हे सुद्धा हसले.

मी विचारलं होतं, एवढं लक्षात ठेवा. खेड्यातली बाई विचारत नाही, मुकाट सुई टोचून घेते, असं पुष्कळ शहाण्यांना वाटतं. मी विचारलं होतं, आणि उत्तर म्हणून मला एक विनोद मिळाला.

त्या रात्री कोपर असं ठणकलं की मी भिंतीला पाय लावून पडून राहिले. तेही कोणी सांगितलं नव्हतं. मग दोन दिवसांनी मात्र दुखणं नाहीसं झालं. मी तांब्या काय, भरलेली घागर उचलली. डॉक्टरांना देव मानायची माझी तयारी झाली होती. महिन्याभरात थोडं दुखायला लागलं, पुन्हा सुई. पुन्हा दुखलं, पुन्हा सुई, त्याच जागी. मी संक्रांतीपर्यंत दणादण कणीक आपटत होते, आणि मला कोणी अडवलं नाही.

आता आशाचं सांगते. ती माझी एकुलती एक. सातवी झालेली, उंच, बोलायला थोडी पण बोलली तर नेमकं बोलणारी. तिच्यासाठी पिंपळगाव राजाचं स्थळ आलं होतं. मुलगा माणिकराव, शाळेत मास्तर. वडील शंकरराव, आई वच्छलाबाई, घरी पाण्याची शेती. मुलगी पसंत पडली होती, देण्याघेण्याचं बोलणं झालं होतं, साखर वाटायची तेवढी राहिली होती. माणिकराव आशाला आवडला होता. ती तोंडानं बोलली नाही, पण तो येऊन गेल्यावर तिनं त्याला पाणी दिलेला पेला दोन दिवस घासायला टाकला नव्हता. आईला एवढं कळतं.

माघात उकंडरावांच्या घरी लग्न निघालं. उकंडराव गावातले मोठे शेतकरी, आमच्या शेजारचेच. त्यांच्याकडच्या प्रत्येक लग्नात मांडे माझ्या हातचे. यावेळी मात्र हळदीकुंकू घेऊन कोणी आलं नाही. गडबडीत राहिलं असेल म्हणून मी आपल्या पायांनी गेले. चुलीपाशी दुसऱ्याच दोघी बसलेल्या, मांडे फाटत होते, धूर झाला होता. मी पदर खोचला आणि खाली बसणार, तेवढ्यात उकंडरावांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईनं, माझा दंड धरला. दंड म्हणजे पदराच्या वरून, कातडीला बोट लागणार नाही असा.

"तुमी आराम करा, चांगुणाबाई," ती म्हणाली. "किती दिवस करता? आता आराम करा."

"मले काय झालं आराम करायले?"

"काई नाई वो. बसा तथी मांडवात. पान खा."

मी मांडवात जाऊन बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका जरा सरकून बसल्या. मला वाटलं, मला ऐसपैस बसता यावं म्हणून सरकल्या. इतकी मी भोळी. मांडे फाटताना दिसत होते आणि मी पान खात होते.

घरी येऊन मी धाकट्या जावेला, पुष्पाबाईला, धरलं. ती रडायलाच लागली. मग तिनं घरातला आरसा आणला, मला दारातल्या उजेडात उभं केलं, माझा हात पिळून वर केला आणि आरसा मागे धरला. कोपराची बाहेरची बाजू माणसाला स्वतःला कधी दिसत नाही. साऱ्या जगाला दिसते. तिथे रुपयाहून मोठा पांढराफटक डाग पडला होता. मधली कातडी खाली बसलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतली निळी शीर दिसत होती.

"कधीपासून हाये हे?" मी विचारलं.

"पोषापासून. आमाले वाटलं तुमाले ठाव हाये, बाई. वामनभाऊजी म्हनले, तिले बोलू नोका."

म्हणजे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. एका ताटात जेवणारा माणूस. मी तशीच शेतात गेले. हे हरभऱ्यात उभे होते.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव," ते मान खाली घालून म्हणाले. "सांगून काय केलं असतं तू? रडली असती."

सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मी रडेन. डॉक्टर, नवरा, शेजार. मी रडले नाही. मी त्या सबंध हरभऱ्याला ऐकू जाईल इतकी ओरडले, आणि पुढच्या बाजारी एकटी मोताळ्याला गेले.

दवाखान्यात गर्दी होती. मी नंबर लावला नाही. सरळ आत गेले, पदर मागे सारला आणि कोपर डॉक्टरांच्या नाकापुढे धरलं. मला वाटलं होतं ते दचकतील. मला वाटलं होतं ते म्हणतील, अरे, हे काय झालं? ते अजिबात दचकले नाहीत.

"हं," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी. औषध कातडीखाली पसरलं की रंग जातो, खालची चरबी विरते. वर्ष-दीड वर्षात भरून येईल बहुतेक. घाबरू नका."

"तुमाले ठाव होतं असं व्हते म्हनून?"

"पुस्तकात असतंच ना."

"अन् दुखनं पुन्हा काऊन येऊन राह्यलं?"

"तेही होतं. आणि हे पाहा, आता त्या हातानं जोर करू नका. इतक्या सुया एका जागी झाल्या की दोरी कमजोर होते. तुटूही शकते."

हा माणूस आत्ता, सगळं उरकल्यावर, मला एकेक सांगत होता. सांगत होता तेही असं, जसं मीच विसरले होते.

"मी इचारलं तवा काऊन नाई सांगतलं?"

"बाई, प्रत्येकाला पुस्तक वाचून दाखवायचं तर इंजेक्शन कोण घेईल?" ते हसले. पुन्हा हसले. "आणि सांगून तुम्हाला काय कळणार होतं?"

माझ्या अंगाचा भडका झाला. पण मी गिळला, कारण मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती. मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, माह्या पोरीची सोयरीक जुळली हाये. गाव कोड म्हनून राह्यलं. तुमी फकस्त एवढं बोला की हे सुईनं झालं. पाव्हन्याले सांगा, नाई तर इथं बाहेर बसलेल्या मानसाले सांगा. एक वाक्य.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बाहेरची माणसं मान उंच करून ऐकत होती. डॉक्टरांचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोणी विचारायला आलं तर सांगेन. आता जा तुम्ही."

आणि विचारायला आलं की माणूस! पिंपळगावच्या लोकांना कुणकुण लागलीच होती. असल्या बातमीला बैलगाडी लागत नाही. माणिकरावाचे मामा मुद्दाम मोताळ्याला जाऊन डॉक्टरांना भेटले. डॉक्टर त्यांना काय म्हणाले? "कातडीचं मला काही सांगता येणार नाही, कातडीच्या डॉक्टरला दाखवा." बस. आपल्या सुईचं नावही काढलं नाही. दवाखाना भरलेला होता ना. तो डाग पुढे खरोखरच भरून आला, दीड वर्षात. पण सोयरीक दीड वर्ष थांबत नाही.

फाल्गुनात पिंपळगावचे पाहुणे आले. शंकरराव, वच्छलाबाई, ते मामा आणि खुद्द माणिकराव. आमच्याकडून गावातलं मोठं माणूस म्हणून उकंडराव आणि रुक्मिणीबाई बसली होती. मी चहा केला. पुष्पाबाईनं साखरेचं ताट काढून ठेवलं होतं, कारण आमच्या यांना अजून उमेद होती. चहाला वच्छलाबाई शिवली नाही. मग तिनं घसा साफ केला.

"ईनबाई, राग मानू नोका. तुमच्या हाताचं आमी आयकलं. आता पोरीच्या अंगावर नसन कशावरून? आमाले पुढं नातू व्हतीन. मी तिले एकदा आतल्या खोलीत पाहून घेते. काई नसन त आत्ताच्या आत्ता साखर वाटू."

"पाहून घेते म्हनजे?" मी विचारलं.

"म्हनजे साऱ्या अंगानं पाहून घेते. बाईमानूसच हाओ आमी. या रुक्मिणीबाई बी असतीन साक्षीले."

मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. हे पायाच्या बोटांकडे बघत होते. मग मात्र मला आवरलं नाही.

"पाहा ना, खुशाल पाहा," मी म्हटलं. "पन आधी तुमचा पोरगा आत घ्या. त्याचा सदरा काढा, पायजामा काढा. मी अन् पुष्पाबाई त्याले दिवा धरून पुढून-मांगून पाहतो. त्याच्या अंगावर काई नसन कशावरून? आमाले बी नातू व्हतीन."

"तोंड आवरा, चांगुणाबाई!" उकंडराव ओरडले.

"काऊन आवरू? हा सुईचा डाग हाये. सुईचा! त्या मानसानं माह्या तोंडावर कबूल केलं."

"आमचा मानूस इचारून आला ना त्याले," शंकरराव शांतपणे म्हणाले. "तो त काईच म्हनत नाई."

मी माणिकरावाकडे वळले. त्या ओसरीवर सगळ्यात जास्त शिकलेला तोच होता. पोरांना शास्त्र शिकवायचा. म्हटलं, "गुरुजी, तुमी त पुस्तकं वाचता. तुमीच बोला. असं बी होऊ शकते का नाई? अन् तुमच्या व्हनाऱ्या बायकोले असं उघडं करून पाहावं का?"

माणिकराव सतरंजीचा निघालेला दोरा ओढत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. दोरा लांब लांब होत गेला.

आशा केव्हा दारात येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. तिनं त्या दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याला हात लावला.

"माय, बाजूले हो," ती म्हणाली. "या आत. पाहा."

"आशा!"

"होऊ दे, माय."

ती आत गेली. तिच्यामागे वच्छलाबाई, तिच्यामागे रुक्मिणीबाई. दार लागलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आत बांगड्या वाजल्या. "हात वर कर." "वळ तिकडं." "पदर पुरा काढ ना, लाजते काय?" एकेक शब्द ऐकू येत होता. आत्ता होतोय त्याहून जास्त त्रास नाही, असं म्हणाला होता तो माणूस. मला त्याला त्या दाराशी आणून उभं करायचं होतं. कान धरून. ऐक, म्हणायचं होतं, हा तुझ्या पुस्तकात नसलेला त्रास ऐक. माझ्या अठरा वर्षांच्या मुलीला दोन बायका गुरासारखी वळवून बघत होत्या, आणि बाहेर पाच पुरुष सुपारी कातरत होते. माझ्या हातात त्या वेळी विळा असता तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

दार उघडलं. वच्छलाबाई हसत बाहेर आली.

"काईच नाई! तिळाएवढं बी नाई. पोरगी साफ हाये. आना साखर."

आशा तिच्यामागून आली. चेहरा पांढरा पडलेला, पण पदर नीट घेतलेला.

"जरा मोठ्यानं सांगा, मामांले आयकू नाई आलं," ती म्हणाली.

वच्छलाबाईला त्यात गंमत वाटली. तिनं गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, पोरगी साफ आहे. आशा रुक्मिणीबाईकडे वळली.

"काकू, तुमी बी पाह्यलं. तुमी बी सांगा."

"साफ हाये बाप्पा. काईच नाई," रुक्मिणीबाई पुटपुटली.

"असंच गावात सांगजा. माह्या मायले कोड असतं त तुमीच म्हनल्या असत्या, ते पोरीत उतरते. उतरलं नाई. म्हनजे तो सुईचाच डाग हाये, तुमच्याच हिशेबानं." मग तिनं माणिकरावाकडे पाहिलं. "गुरुजी, उठा आता. मले हे लगन नाई करायचं."

सुपारीचा अडकित्ता थांबला. वच्छलाबाई आशापुढे येऊन उभी राहिली.

"नाई करायचं? मंग अंग कायले दाखवलं वं पोरी?"

"नसतं दाखवलं त तुमी पिंपळगावापर्यंत सांगत गेल्या असत्या, मायलेकी दोघीले हाये म्हनून दडवलं. आता तुमाले तसं म्हनता येत नाई. तुमच्याच तोंडानं तुमी साफ म्हनलं, पाच मानसांत." तिनं माणिकरावाकडे बोट केलं. "अन् तुमच्या घरी मी येत नाई, कारन मले आत नेलं तवा यायनं मान वर केली नाई."

माणिकराव उठला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं. पण आईनं त्याचा हात धरला आणि तो तिच्यामागून चालता झाला. उकंडराव आमच्या यांना म्हणाले, पोरगी हातची गेली तुमच्या. हे पहिल्यांदाच ताठ बसले आणि म्हणाले, "आमची पोरगी आमच्या घरात हाये. तुमी या आता." एवढं तरी बोलले. मी तेवढ्यानं त्यांना सगळं माफ केलेलं नाही.

ओसरी रिकामी झाली. पुष्पाबाई साखरेचं ताट धरून तशीच उभी होती, ठेवावं की धरावं तिला कळत नव्हतं. आशानं ते तिच्या हातातून घेतलं.

"वाटा ना, काकू. वाटायसाठीच काढली होती," ती म्हणाली, आणि चिमूटभर साखर घेऊन माझ्या तोंडापाशी आणली. मी तिचा हात धरायला गेले, आणि अर्धी साखर माझ्या लुगड्यावर सांडली.